उजवा वरचा कोपरा

बायकोची मागणी डॉक्टरांनी ऐकल्या क्षणी मान्य केली, इथंच बाईंना शंका यायला हवी होती. मागणी तशी साधी होती. समोरच्या बंद कारखान्याच्या मोकळ्या जागेवर मोठी इमारत उभी राहणार, अशी बातमी आली होती. बाई म्हणाल्या, "अहो, ती उठायच्या आत आपल्या गच्चीवरून सगळ्या शहराचा एक छानसा फोटो काढा. आईची बाल्कनी त्यात आली पाहिजे. एक आपल्या भिंतीवर लावू, एक तिच्या."

डॉक्टर दातांचे. बाई शाळेत भूगोल शिकवत. त्या मोकळ्या जागेपलीकडे पिवळ्या रंगाची एक जुनी इमारत होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर बाईंची आई एकटी राहायची. तिला फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे फोनवर ती फक्त स्वतःचं सांगायची आणि ठेवून द्यायची. लेकीकडे राहायला यायचं नाव काढलं की म्हणायची, "तुमच्या दवाखान्यातली ती गुरगुर ऐकत बसू का?" म्हणून मायलेकींनी आपली एक सोय करून घेतली होती. संध्याकाळी शाळेतून आल्यावर बाई गच्चीत जायच्या आणि हात हलवायच्या. पलीकडून आई हात हलवायची. दोघी धडधाकट आहेत, एवढा निरोप त्यात पोचायचा. इमारत झाली की हे बंद होणार होतं. बाईंना वाईट वाटत होतं ते याचं. शहर काय, ते कुठं पळून जात नव्हतं.

बाईंनी आधी स्वतः मोबाइलवर फोटो काढून पाहिला होता. त्यात आई एक ठिपका होऊन बसली होती. डॉक्टरांनी तो ठिपका पाहिला आणि, कोळशानं दात घासले तर चालेल का, असं विचारणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं बायकोकडे पाहिलं.

"अगं, शहराचा फोटो म्हणजे काय खायचं काम आहे? एवढे बारकावे टिपायचे तर मोठा सेन्सर पाहिजे. मीडियम फॉरमॅट लागतो त्याला."

ठिपक्यापेक्षा काहीतरी बरं दिसेल, म्हणून बाईंनाही ते पटलं. तिथंच सगळं फसलं.

मग सुरू झाला अभ्यास. फिल्मचा कॅमेरा घ्यावा की डिजिटल, यावर डॉक्टर रोज रात्री जेवताना दोन्ही बाजूंनी बोलायचे. फिल्ममध्ये आत्मा असतो म्हणे. डिजिटलमध्ये आत्मा नसतो, पण फोटो मोठा करून बघता येतो. इंटरनेटवर याच नादातल्या लोकांचा एक गट होता. तिथं अहोरात्र काथ्याकूट चालायचा आणि शेवटचा शब्द एका गृहस्थांचा असायचा. बाईंनी त्यांचं नाव भिंगमहर्षी ठेवलं होतं. महर्षींनी स्वतः काढलेले फोटो बाईंनी एकदा मुद्दाम शोधून पाहिले. सगळे विटांच्या भिंतीचे होते. लेन्स तपासायला भिंतीसारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं मत होतं. एवढा जन्म त्यांनी भिंतीकडे बघण्यात घालवला होता आणि त्याबद्दल त्यांना गटात मोठा मान होता.

फिल्म की डिजिटल हा वाद मिटेपर्यंत समोर पाया खणून झाला. आत्म्यावर पाणी सोडून डॉक्टरांनी शेवटी डिजिटल कॅमेरा घेतला. तो घरात आला त्या दिवशी त्याला सोफ्यावर बसवलं आणि पाहुणे आले ते खुर्च्यांवर बसले. मग ट्रायपॉड आला. पण ट्रायपॉडला डोकं नसतं. ते निराळं विकत घ्यावं लागतं.

"ही सोय सगळ्यांसाठी असायला हवी होती," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्याकडे कानाडोळा केला. त्यांचं सगळं लक्ष आता लेन्सवर होतं. समोर पहिला मजला दिसायला लागला होता.

लेन्सच्या बाबतीत महर्षींचा मंत्र होता, कोपरे बघा. मधोमध काय, कुठलीही लेन्स चांगलीच दिसते; लेन्सची जात कळते ती कोपऱ्यात. आता कोपऱ्यात बघायचं तर तिथं काहीतरी बारीक, रेघारेघांचं हवं. शोधता शोधता डॉक्टरांना ते सापडलं. सासूबाईंच्या बाल्कनीचा कठडा. उभे, बारीक, एकसारखे गज. परमेश्वरानं जणू लेन्स तपासायलाच ती म्हातारी तिथं राहायला पाठवली होती. डॉक्टर बाल्कनी बरोब्बर उजव्या वरच्या कोपऱ्यात येईल असा कॅमेरा लावायचे. मधल्या भागात नदी, पूल, घड्याळाचा मनोरा, सगळं शहर यायचं, पण त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

वेळ सकाळची. बाई शाळेला गेल्या की ते गच्चीत जायचे. महर्षींच्याच सल्ल्यानं लेन्सपुढे काळी काच लावायचे, म्हणजे शटर चांगलं दोन-तीन सेकंद उघडं राहतं आणि ढग मऊ येतात. मग खाली येऊन कॉम्प्युटरवर तो कोपरा चारशे टक्के मोठा करून बघायचे. दातांचा डॉक्टर तो. एका दाढेत डोकावताना तिच्याभोवती माणूस आहे हे विसरायची त्यांना सवयच होती.

पहिल्याच लेन्सचा कोपरा खराब निघाला. गज सरळ येत होते, पण त्यांच्यावर एक पांढुरका फराटा पसरलेला होता. डावा कोपरा मात्र चोख. डॉक्टरांनी लेन्स परत केली. दुसरी आणली. फराटा तिथंच. तिसरीचीही तीच कथा. त्यांनी दुकानदाराला कोपऱ्याचे तुकडे पाठवले, दोषाभोवती ठसठशीत लाल गोल काढून. दुकानदार म्हणाला, "साहेब, मला तर लेन्स ठीक वाटते." डॉक्टर घरी येऊन म्हणाले, "चोर आहे लेकाचा." महर्षींनी निदान केलं की आतलं भिंग केंद्रातून सरकलं असणार आणि हल्ली कारखान्यात कोणी मनापासून काम करत नाही. समोरचे गवंडी मात्र मनापासून करत होते. इमारत रोज वर चढत होती.

"आता तरी काढा तो फोटो," बाई म्हणायच्या. "आईला मी सांगून बसलेय."

"सदोष लेन्सनं? घरात जन्मभर वाईट कोपरा लावून ठेवायचाय का?"

एव्हाना बाईंनी हात टेकले होते. आईला मात्र त्या दर भेटीत सांगत, काढतायत हं, लवकरच. आई हसून म्हणायची, "काढतायत की. घाई नको करूस." आपली आई किती समजूतदार आहे, असं वाटून बाईंना जास्तच लाज वाटायची.

मग हिवाळ्यात आईला ताप भरला आणि बाई आठवडाभर पिवळ्या इमारतीत जाऊन राहिल्या. त्याच आठवड्यात डॉक्टरांना चौथी लेन्स मिळाली आणि चमत्कार झाला. उजवा वरचा कोपरा आरशासारखा लख्ख. गज न् गज मोजून घ्यावा. डॉक्टरांनी तो तुकडा गटात टाकला, महर्षींनी सर्वांसमोर अभिनंदन केलं आणि डॉक्टरांना आनंदानं जेवण गेलं नाही. बाई परत आल्या तेव्हा ते म्हणाले, "सगळं जमून आलंय. आता फक्त ढग हवेत."

ढगांनी आपला वेळ घेतला. शाळेतल्या पोरींच्या परीक्षा, पेपर तपासणं, आईची औषधं, यांत बाईंचं संध्याकाळी गच्चीत जाणंही काही दिवस राहून गेलं. सवड मिळाली त्या संध्याकाळी त्या वर गेल्या, सवयीनं हात उचलला आणि तसाच राहिला. समोर कच्चं काँक्रीट होतं. त्याला फळ्या ठोकलेल्या होत्या आणि फळीवर कुणाचं तरी पोतं वाळत होतं.

बाई खाली आल्या. डॉक्टर फिल्टर पुसत होते.

"आईची बाल्कनी गेली."

डॉक्टर वर जाऊन बघून आले. आले ते खाली मान घालून. "मला वाटलं होतं, अजून निदान पंधरा दिवस..."

"एवढे दिवस गच्चीत काय करत होतात? त्यातला एखादा चांगला फोटो द्या. कुठलाही चालेल."

"ते फोटो नव्हते गं. चाचण्या होत्या."

"मग चाचणी द्या."

"अख्खी नाहीये. एकेक फाइल केवढी मोठी असते. कॉम्प्युटर भरून गेला, म्हणून बाकीचं पुसून टाकलं. कोपरे ठेवलेत फक्त."

बाईंना भयंकर राग आला, इतका की त्या ओरडल्या नाहीत. नदी, पूल, मनोरा, सगळं शहर या माणसानं रोज टिपलं होतं आणि रोज पुसलं होतं. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखवा तुमचे कोपरे."

डॉक्टरांनी पहिला तुकडा उघडला. चारशे टक्के. पडद्यावर नुसते चौकोन, करड्या रेघा आणि पांढुरका फराटा. "हा बघ दोष. सगळ्या लेन्समध्ये हाच होता, याच जागी. त्याच्यामुळे तर सगळं घोडं अडलं."

बाईंनी माउस हातात घेतला आणि चित्र लहान केलं. डॉक्टर म्हणाले, "अगं, लहान केलंस तर दोष दिसणार नाही." बाईंनी आणखी लहान केलं. चौकोन विरघळले. कठडा दिसला. कठड्यामागे निळा स्वेटर. वर नीट विंचरलेले पांढरे केस, आणि गच्चीकडे बघून हसणारा चेहरा. फराटा होता तो आईचा उजवा हात.

बाईंनी दुसरा तुकडा उघडला. निळ्या स्वेटरऐवजी लोकरीची शाल, हात तसाच. तिसऱ्यात तर आईनं लग्नसमारंभाला घालायची मोत्यांची माळ घातली होती. शटर उघडं असेल तितका वेळ ती जावयाला हात करत होती, सकाळमागून सकाळ, आणि जावई तिला दुकानात परत करून येत होता.

शेवटी त्यांनी तो लख्ख कोपरा उघडला. गज सगळे स्पष्ट होते. मागची बाल्कनी रिकामी होती.

"हा कधीचा?" बाईंनी विचारलं, माहीत असूनही.

"तू तिकडे होतीस ना," डॉक्टर हळूच म्हणाले, "आई आजारी होत्या तेव्हाचा."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. खूप वेळ पुसला. बाईंना जे बोलायचं होतं त्यातलं निम्मं त्यावेळी बोलून झालं आणि उरलेलं त्यांनी पुढच्या कित्येक वर्षांसाठी राखून ठेवलं.

छापायचा तुकडा बाईंनीच निवडला. दुकानदाराला पाठवलेला, मोत्यांची माळ घातलेला. मोठा करायला गेलं की पुन्हा चौकोन दिसायला लागायचे, म्हणून त्या महाकाय कॅमेऱ्याचं चित्र शेवटी वहीच्या अर्ध्या पानाएवढं निघालं. "तो लाल गोल काढून टाकतो," डॉक्टर म्हणाले. बाई म्हणाल्या, "राहू दे. तुमची सही आहे ती."

रविवारी दोघं चौकट घेऊन पिवळ्या इमारतीत गेले. आईनं चित्र खिडकीशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"शहर काढणार होता ना? ते कुठंय?"

"शहर नाही आलं," बाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघितलं. सगळं सांगून टाकायची हीच वेळ होती. शब्द जिभेवर आले होते.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "रोज सकाळी डॉक्टर एवढा तामझाम लावून कॅमेरा माझ्याकडेच रोखायचे. मी तुला बोलले नाही. म्हटलं, तुझ्या नकळत चाललंय, कशाला फोडा. मी आपली वेळेवर तयार होऊन उभी राहायचे." मग तिचं बोट लाल गोलावर आलं. "आणि हे बघ. एवढ्या शहरात म्हातारी हरवायला नको म्हणून माझ्याभोवती खूण केलीय. कोण करतं एवढं?"

बाईंनी शब्द गिळले. डॉक्टरांचे कान त्या गोलाइतकेच लाल झाले होते.

"फक्त एक विचारू का, डॉक्टर?" आई म्हणाली. "तुम्ही एकदाही उलट हात केला नाहीत. मी म्हणायचे, कामात असतील."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. एरवी पेशंटला तेवढंच जमतं, तेवढंच त्यांनाही जमलं.

निघताना दोघं खाली रस्त्यावर आले. आई सवयीप्रमाणे बाल्कनीत येऊन उभी राहिली होती. डॉक्टरांनी आज कॅमेरा आणला नव्हता, त्यामुळे त्यांना ती दिसली. त्यांनी हात वर केला आणि हलवला. आई आत गेली तरी हलवतच राहिले, तेव्हा बाईंनी त्यांच्या कोपराला धरून त्यांना घरी नेलं.