पान सत्तावन्नवरची पिवळी चिठ्ठी

मला खटारा म्हणा, डबडं म्हणा, माझी हरकत नाही. मी एक जुना स्कॅनर आहे, मित्रांनो, आणि मला उभ्या आयुष्यात एकच वाक्य बोलता आलं : ‘कागद अडकला आहे.’ माझ्या छोट्या पडद्यावर ते उमटायचं, शेजारी लाल दिवा लागायचा आणि मी टिवटिव करायचो. बस्स, एवढीच माझी वाणी. तीही कुणी ऐकली नाही.

तरुणपणी मी एका विम्याच्या कचेरीत होतो. मिनिटाला चाळीस पानं गिळायचो. साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. मग नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत झाली. तिथून मला पुतण्याने उचललं. पुतण्या म्हणजे डॉक्टरकाकांचा पुतण्या. काका जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त; तरी अडलेनडले लोक शेळी घेऊन दारात येतच. ज्या टेबलावर ते शेळ्या तपासत, त्याच टेबलावर पुतण्याने मला बसवलं.

पुतण्याला नाद एकच. पुस्तकं स्कॅन करायची आणि इंटरनेटवर फुकट टाकायची. त्याची रीत मात्र खाटकाची. पुस्तकाची पाठ कटरने सपकन कापायची, सुटी पानं माझ्या तोंडात कोंबायची, काम झालं की सगळं रद्दीत. आणि लोक त्याला ‘ग्रंथमित्र’ म्हणत! मित्र असा असेल तर शत्रू कशाला हवा?

एके दिवशी त्याने काकांच्या कपाटातून काकांनीच लिहिलेलं पुस्तक काढलं. विचारलं का? छे! शेळ्यांच्या आजारांवरचं ते पुस्तक. त्यातल्या पान सत्तावन्नवर जंताच्या औषधाचं कोष्टक होतं. छापखान्याने त्यात घोळ घातला होता. मोठ्या शेळीचं माप करडापुढे आणि करडाचं शेळीपुढे. चूक कळली तेव्हा सगळी पुस्तकं बांधून झाली होती. मग काका-काकूंनी जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. काकूंनी बरोबर मापं छापलेल्या पिवळ्या कागदाच्या अकराशे चिठ्ठ्या कापल्या, काकांनी डिंक लावून अकराशे प्रतींत त्या कोष्टकावर चिकटवल्या. “माझ्या पुस्तकापायी एकही करडू मरता कामा नये,” असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. काकू गेल्यावर तर जरा जास्तच सांगत.

ते पान माझ्या तोंडात आलं आणि चिठ्ठीच्या जाडीने अडकलं. पुतण्याने हिसका दिला. पान त्याच्या हातात गेलं, चिठ्ठी माझ्या पोटात राहिली. ‘कागद अडकला आहे,’ मी ओरडलो.

“काहीतरी डकवलेलं होतं वाटतं. जाऊ दे,” तो पुटपुटला. त्याने रद्दचं बटण दाबलं आणि तेच पान पुन्हा घातलं. चिठ्ठी आत कडेला सरकली होती, त्यामुळे पानं जात राहिली. मी टिवटिव करत राहिलो.

महिन्याभरात काकांना कुणीतरी फोनवर सांगितलं, तुमचं पुस्तक नेटवर आलंय म्हणून. काका तडक खोलीत आले.

“अरे, मला विचारायचं तरी!”

“काका, ज्ञान काय कुणाच्या मालकीचं असतं? बारा हजार जणांनी उतरवून घेतलंय. तुम्ही जन्मात एवढी पुस्तकं खपवली असती का?”

“माझं नाव आहे रे त्याच्यावर. विचारलं असतंस तर मी एकदा नजर टाकली असती. सगळं नीट आलंय ना?”

“एकूण एक पान आलंय.”

खोटं बोलला का तो? नाही. पानं सगळी आली होती. काका विरघळले. बारा हजार हा आकडा त्यांनी दोनदा घोकला आणि हसत बाहेर गेले. मी लाल दिवा लावून बसलो होतो. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मग एका दुपारी शेळीवाल्या बाई आल्या. हातात छापून आणलेला कागद. त्यांनी तो माझ्या झाकणावर आपटला.

“हे तुमचंच नाव ना? यात लिहिलंय तसंच औषध पाजलं मी. सात करडं गेली माझी. सात!”

काकांनी कागद हातात घेतला. “चिठ्ठी कुठे आहे? यावर पिवळी चिठ्ठी असते. मी स्वतः चिकटवलीय.”

“कसली चिठ्ठी नि काय! आता कागदाच्या आड लपताय होय?”

काका पुतण्याकडे वळले. “तू कुठली प्रत घेतली होतीस?”

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्याला आठवलं होतं! मी जिवाच्या आकांताने टिवटिव केली. त्याने हात लांब करून माझं बटण बंद केलं.

“तुमच्या कपाटातलीच, काका. तिला चिठ्ठी नव्हतीच. तुम्ही चिकटवायची विसरला असाल.”

काकांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी त्याच कागदावर लिहून दिलं, ‘चूक माझी आहे,’ आणि सही केली. बाई तो कागद घेऊन गेल्या आणि तो गावभर फिरला. त्यानंतर शेळी घेऊन कुणी काकांच्या दारात आलं नाही. पुतण्याने नेटवरचं पान गुपचूप बदललं. पण आधीच्या बारा हजार प्रती कुणाकुणाच्या घरात आहेत, देव जाणे. पुढे ‘ग्रंथमित्र’ म्हणून त्याचा सत्कार झाला. काका पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवून आले.

परवा माझी टिवटिव असह्य झाली म्हणून काकांनीच दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने माझं पोट उघडलं, चिमट्याने चिठ्ठी काढली आणि पुतण्याच्या हातात दिली. काका शेजारीच खुर्चीत होते.

“काय रे निघालं?”

“काही नाही, काका. जुनी पावती.” आणि चिठ्ठी खिशात गेली.

मित्रांनो, फुकट पुस्तक खुशाल वाचा, पण ते कुणाच्या परवानगीने आलंय, एवढं विचारा. लिहिणाऱ्याला विचारणं म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. आपल्या पुस्तकात कुठे काय चुकलंय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि एखादं यंत्र टिवटिव करत असेल, तर रद्दचं बटण दाबण्याआधी त्याचं झाकण उघडून बघा.

आता माझ्यावर हिरवा दिवा असतो. सांगण्यासारखं माझ्यापाशी काही उरलेलं नाही. काका रोज सकाळी कपाटातल्या उरलेल्या प्रती काढतात आणि एकेकीचं पान सत्तावन्न उघडतात. सगळ्यांत चिठ्ठी असते. तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून बघायला बसतात.