डब्यावरचे मामंजी

मामंजी म्हणजे मावशीच्या घरचं कासव. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा ते आधीच तिथं होतं. चाल संथ, नजर करडी, आणि पुढ्यात काय आलंय ते नीट बघितल्याशिवाय तोंड लावायचं नाही. खरे सासरे स्वभावानं फारच गरीब, म्हणून तिनं ही पदवी कासवाला देऊन टाकली. आता सासरेही नाहीत आणि नवराही नाही. शिवणाच्या मशीनखाली चिंध्यांत पाय पसरून झोपणारे मामंजी तेवढे उरलेत.

जाहिरातींचे फोटो काढणारा तिचा भाचा एकदा एका कंपनीची माणसं घेऊन आला. कासवांचं तयार खाणं बाजारात येणार होतं आणि डब्यावर छापायला एक रुबाबदार कासव हवं होतं. हिरव्या गोळ्यांची वाटी पुढ्यात ठेवली. मामंजींनी हुंगलं न हुंगलं आणि पाठ फिरवली. पुन्हा वळवून ठेवलं, पुन्हा पाठ. दिव्यांच्या उजेडात माणसं घामाघूम झाली. शेवटी मावशीनंच शक्कल लढवली आणि वाटीमागं जास्वंदीचं फूल लपवलं. मामंजींनी मान ताणली, तोंड उघडलं, फोटो निघाला. कंपनीनं खूश होऊन खोकंभर डबे पाठवले.

आणि मग जी चूक झाली ती फक्त याच घरात होऊ शकत होती. फूल स्वतःच्या हातानं लपवलेलं, तरी डब्यावर घरच्या माणसाचा चेहरा बघून मावशी हुरळली. आपले मामंजी ज्याच्यावर आहेत ते वाईट कसं असेल? गोळ्या भिजवून, फुलाच्या पाकळ्यांत कालवून तिनं त्यांना हळूहळू गोडी लावली. पाला सुटला, गोळ्या राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला डबा दाखवणं चालूच होतं.

मग मामंजी मागचे पाय ओढत चालायला लागले. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर अंगठा दाबला, तर कवच दबलं.

"खायला काय घालता?"

मावशीनं डबा पुढं केला. बाईंनी तो फिरवून डोळ्यांजवळ नेला. "मका, गव्हाचं पीठ, माशांची भुकटी, साखरेची मळी, हिरवा रंग. पाला सगळ्यात शेवटी, नावापुरता. अहो, हे गवत खाणारं जनावर आहे."

"पण वर तर पानं काढलीयेत."

"काढलीयेत खरी. हे बंद करा. पुन्हा पाला खायला लागले तर वाचतील, नाहीतर कठीण आहे."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोपलीत मामंजी, पिशवीत डबा, आणि ती थेट कंपनीच्या कचेरीत. भाचा मागून विनवत होता, "मावशी, माझी कामं जातील गं."

"तुझी कामं जातील. इथं मामंजी चाललेत."

कचेरीतला साहेब साखर पेरून बोलणारा होता. "आजी, सगळं नियमात आहे. आत काय आहे ते मागं लिहिलंय."

"मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत. आणि पुढं काय छापलंत? पानं, आणि माझे मामंजी."

"कासवांना आवडतं हो. हे बघा." त्यानं टेबलावर चार गोळ्या टाकल्या. घरी पाल्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या मामंजींनी मान बाहेर काढली आणि त्या मटकावल्या. साहेब हसला. "बघितलंत?"

"बघितलं," मावशी म्हणाली. "फोटोच्या दिवशी मामंजी नको म्हणत होते. नको म्हणणाऱ्या जिवाला फसवून तोंड उघडायला लावलं, आधी तुमच्यासाठी, मग घरी माझ्या कौतुकापायी. मला त्याची लाज वाटते. तुम्हाला वाटते का?"

साहेबानं भाच्याकडे बघितलं. भाचा खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी त्यांनी तोंडही लावलं नव्हतं, साहेब."

"फोटो कंपनीचा आहे," साहेब म्हणाला.

"ठेवा. मामंजी माझे आहेत."

दुसऱ्या दिवसापासून मावशी पाळीव प्राण्यांच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसायला लागली. हातात कुणाच्या तरी झग्याची तुरपाई, मांडीवर मामंजी. डबा घेऊन निघालेलं माणूस डब्याकडे बघायचं, मग तिच्या मांडीकडे.

"हे तेच ना?" एकानं विचारलं.

"तेच. जरा पाठ दाबून बघा."

त्यानं दाबली आणि चटकन हात मागं घेतला. मावशीनं मामंजींच्या तोंडापुढं जास्वंदीचं फूल धरलं. त्याच्या मागं या वेळी काही लपवलेलं नव्हतं. मामंजींनी पाठ फिरवली आणि त्या माणसाच्या हातातल्या डब्याकडे मान ताणून तोंड उघडलं, अगदी फोटोतल्यासारखं.