नकाशातले पांढरे रस्ते

वाल्व्हचं ते काळं टोपण, हरभऱ्याच्या दाण्याएवढं असेल नसेल, अनुराधाच्या चिमटीतून निसटलं, गॅरेजच्या सिमेंटवर एकदा उडालं आणि गवत कापायच्या यंत्राखाली गेलं, तेव्हा ती वाकली नाही. सायकलच्या टायरमध्ये हवा पुरेशी होती, काल होती, परवाही होती, आणि तरी ती रोज सकाळी इथे येऊन अंगठ्याने टायर दाबून बघत होती — जणू कुणी बाहेरून हाक मारणार आहे आणि हिला तडक निघायचं आहे. कुणी मारणार नव्हतं. हाक मारणाऱ्या सगळ्या जणी आज फ्रान्समध्ये होत्या.

जानेवारीत जिलने गावच्या हॉलमधल्या टेबलावर फ्रान्समधल्या बर्गंडीचा मोठा पिवळा नकाशा पसरला होता, चहाचे मग ठेवून कोपरे दाबले होते, आणि दर गुरुवारी सायकल चालवणाऱ्या त्या सगळ्या — निवृत्त शिक्षिका, एक नर्स, दोघी विधवा, आणि हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेली अनुराधा — त्यावर वाकल्या होत्या. लाल रस्ते ट्रकवाल्यांचे, जिल म्हणाली, पिवळे ज्यांना कुठेतरी पोचायचं आहे त्यांचे, आणि हे बारीक पांढरे दिसतात ना, ते आपले. "नॉट अ सिंगल कार, अ‍ॅनू! ऑल मॉर्निंग!"

तेव्हापासून ते पांढरे रस्ते तिला पाठ झाले होते. आज रविवार, म्हणजे कालव्याच्या काठाकाठाने निघतील, मग पॉप्लरची रांग, मग एक लांबलचक चढ, गप्पा मारत चढता येईल इतपतच, आणि वर पोचलं की दोन्ही बाजूंना गवत, पांढऱ्या गाई, आणि खिडक्या मिटून बसलेलं एक गाव, जिथे भर दुपारी कुत्रंसुद्धा उठून भुंकायचे कष्ट घेत नाही. गाडी नाही. मागून येणारा तो आवाज नाही, जो ऐकून खांदे आपोआप आक्रसतात. फक्त आपल्या टायरची डांबरावरची सुरसुर आणि चढावर आपलाच श्वास... सांगलीहून विलिंग्डन कॉलेजला जाताना सकाळच्या पहिल्या तासाच्या वेळी रस्ता असाच असायचा. पदर कमरेला खोचलेला, वह्या कॅरिअरला, आणि वारा असला तर जरा मोठ्याने गायलं तरी कुणी ऐकत नसे. लग्नानंतर सायकल गेली. कुणी हिसकावून घेतली नाही, नुसतीच गेली, आणि साठीला टेकल्यावर या जिलने ती परत आणून दिली. निदान तेवढ्यासाठी तरी मी तिच्याशी खरं बोलायला हवं होतं.

पण मी गुडघा सांगितला. गुडघा दुखतोय, डॉक्टर नको म्हणतात. जिल बिचारी घरी आली, मलमाची ट्यूब ठेवून गेली, आणि तिला दारापर्यंत पोचवायला जाताना अनुराधाला लंगडावं लागलं, तेही कोणत्या पायाने लंगडायचं ते आधी आठवून. एरवी तिला स्वतःचं हसूच आलं असतं. पण दार लावल्यावर आलं ते हसू नव्हतं.

खरं कारण असं होतं की तिला व्हिसा लागत होता. बाकीच्या जणी आपापले पासपोर्ट पर्समध्ये टाकून डोव्हरला बोटीत चढल्या, आणि हिच्याजवळ भारताचा निळा पासपोर्ट, ज्यावर इंग्लंडमध्ये जन्मभर राहायची मुभा होती पण समोरच्या किनाऱ्यावर उतरायची नव्हती. हे जिलला कसं समजावणार? "बट यू हॅव लिव्ह्ड हिअर फॉरएव्हर!" असं ती म्हणाली असती, डोळे मोठे करून, प्रेमाने. आणि मग का, हा प्रश्न आला असता. त्या का-ला इंग्रजीत उत्तर नव्हतं. मराठीत होतं, पण तेही जरा शिळं झालेलं.

घरातली कागदपत्रं पहिल्यापासून तिचा नवरा मुरलीधरच बघायचा. मार्चमध्ये तिने पासपोर्ट त्याच्या हातात दिला, तो म्हणाला "बघतो मी", आणि त्याच्या बघतो म्हणण्यावर ती लग्नापासून विसंबत आलेली. मेच्या शेवटी त्याने लंडनला फोन केला. वरातीमागून घोडं! फ्रेंच लोकांनी मुलाखतीची जी तारीख दिली ती जिल आणि मंडळी परत आल्यानंतरची होती. तो खरोखरच ओशाळला होता, फोन ठेवून कितीतरी वेळ चष्मा पुसत बसला, आणि मग म्हणाला, "विसरलोच गं मी. तुला व्हिसा लागतो, हे डोक्यातूनच गेलं."

ते डोक्यातून गेलं. कधीकाळी ते त्याच डोक्यात उगवलेलं होतं. लेक कस्तुरी शाळेत जायला लागली होती तेव्हा, याच डायनिंग टेबलाशी बसून, त्याने स्वतःपुरता ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज भरला — कॉन्फरन्सला जायला बरं पडतं, दर वेळी रांगा नकोत — आणि तिच्या अर्जावर तळहात ठेवून म्हणाला होता, तुझा राहू दे. एकाने तरी तिकडचं राहायला हवं. परत जायचं म्हटल्यावर सगळं सोपं जाईल. किती बरं वाटलं होतं तिला! जणू घराची किल्ली त्याने विश्वासाने हिच्याकडे ठेवायला दिली होती.

आणि तिनेही ती ठेवली. हॉस्पिटलात त्याची कन्सल्टंटची पोस्ट पक्की झाली की जाऊ, मग कस्तुरीची दहावीची जीसीएसई, मग बारावीची ए-लेव्हल, मग आता पेन्शनला थोडकीच वर्षं उरलीत तर... भिजत घोंगडं, पण घोंगडं होतं. ओडबीच्या या घरात मागच्या मालकाचा तपकिरी कार्पेट अजून तसंच, कारण जायचंच आहे. बागेत सफरचंदाचं झाड लावलं नाही, फळ धरेपर्यंत आपण कुठे असणार इथे? शेजारपाजाऱ्यांशी हसायचं, पण घरात शिरू द्यायचं नाही, मैत्री वाढवून उगाच निघताना त्रास. जायचंच आहे म्हणून न केलेल्या गोष्टींनी हे घर भरलेलं होतं, आणि त्या रोज पुसून झटकून ठेवायचं काम माझं.

दुपारी ज्ञानेश्वर आणि रेखा जेवायला आले. ज्ञानेश्वर मुरलीधरचा हॉस्पिटलमधला जुना सहकारी, चार गल्ल्या पलीकडेच राहणारा. दोघं निवृत्त झाल्यापासून आलटून पालटून एकमेकांकडे रविवारी जेवणं चालत. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानात हापूसची शेवटची पेटी मिळाली होती, म्हणून आमरस-पुरी. अनुराधा पुऱ्या तळत होती आणि मनात जिलची मंडळी आता कुठे असतील ते मोजत होती. चढ संपला असेल. झाडाखाली सायकली आडव्या टाकून ब्रेड खात असतील.

"वहिनी, यंदा तुम्ही फ्रान्सला जाणार होता ना?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"माझ्यामुळे घोटाळा झाला," मुरलीधर लगेच म्हणाला. कबूल करण्यात तो कधी मागे नसे. त्याची कबुली इतकी चटकन यायची की पुढे कुणाला काही म्हणायला जागाच उरत नसे. "व्हिसाचं लक्षातच नाही राहिलं."

"व्हिसा? अगं, तू अजून इंडियन पासपोर्टवरच?" रेखाने पुरी हातात तशीच धरली. "कमाल आहे! आता ते ओसीआय मिळतं ना, लाइफलाँग व्हिसा. आम्ही दोघांनी केव्हाच करून टाकलं. इंडियाला कधीही जा, कधीही या."

"तेच सांगतोय मी तिला," मुरलीधर म्हणाला. "सिटिझनशिप घेऊन टाक. एक टेस्ट असते, पुस्तक पाठ करायचं, झालं. आता कोण जातंय रे परत? तो विषय मी तर कधीच बंद केला."

तिच्या हातात रसाचा डाव होता. ज्ञानेश्वरच्या वाटीत तिने रस वाढला, काठोकाठ, थेंबही सांडला नाही.

"कधी बंद केलात?" तिने विचारलं.

"काय?"

"विषय. परत जायचा."

तो हसला. मुद्दाम नव्हे, टाळायला नव्हे, कुणी वेडगळ प्रश्न विचारल्यावर हसतात तसा मोकळा हसला. "अगं, त्याला काय तारीख-वार असतो? हळूहळू कळतंच ना माणसाला."

"फर्स्ट क्लास रस झालाय, वहिनी," ज्ञानेश्वर म्हणाला. मग काउन्सिल टॅक्सचा विषय निघाला.

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला, भांडी पुसायला फडकं घेतलं. त्याला काहीतरी जाणवलं असावं, कारण एकच ताटली तो फार वेळ पुसत राहिला. "पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ फ्रान्सला," तो म्हणाला. "तू म्हणतेस तेच रस्ते. मी गाडी चालवीन, तू शेजारी आरामात बसून बघ. गुडघ्यालाही त्रास नको."

"माझा गुडघा दुखत नाही," अनुराधा म्हणाली.

"हो, हो, ते जिलला सांगितलेलं... मी विसरलोच."

तिने साडी बदलली, ट्राउझर्स चढवल्या आणि सायकल काढली. जूनचं ऊन अजून छपरांवर होतं. वस्ती संपून गॉलबी गावाकडचा अरुंद रस्ता लागेपर्यंत मागून गाड्या येतच होत्या, प्रत्येक जण सभ्यपणे तिच्या मागे ताटकळायचा आणि मग एकदम इंजिन गुरगुरवून पुढे जायचा, एकाने तर हॉर्नही मारला. माणसाने साधं रागावायला बाहेर पडावं तर तेही सुखाने नाही. मोठ्या ओकच्या वळणानंतर मात्र गाड्या यायच्या थांबल्या. एक आली नाही, दुसरी आली नाही. दोन्ही बाजूंना बार्ली, एका फाटकाशी निवांत उभी मेंढरं, आणि टायरची सुरसुर, आणि चढावर स्वतःचा श्वास. ज्यासाठी समुद्र ओलांडायचा होता ते इथे घरापासून तासाभराच्या आत फुकटात पडलेलं होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटेना. फ्रान्सचं दुःखसुद्धा आता हाताला लागेना. ती शोधत होती तो दिवस. विषय बंद झाला तो.

तारीख-वार नसतो म्हणे. असायलाच हवा. एका कुठल्या तरी सकाळी तो दात घासत असेल, किंवा मोटरवेवर लेन बदलत असेल, आणि तेव्हा त्याच्या मनातून ते उतरलं असेल. आणि त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने विचारलं असेल, भाजी काय? आणि मी सांगितली असेल. त्यानंतर मी कार्पेट बदलायचं नाही असं म्हणाले असेन आणि तो हो म्हणाला असेल. कुठल्या दिवसापासून मी एकटीच परत निघाले होते?

चढाच्या माथ्यावर ती उतरली. रागाला धरायला काहीतरी हवं म्हणून तिने ते घर डोळ्यांपुढे आणलं — परत गेल्यावरचं, विश्रामबागेच्या आसपासचं, दोन खोल्यांचं, पुढे ओटा. झोप न येणाऱ्या किती रात्री तिने ते लावलं होतं. ओट्यावर जाईचा वेल, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, भिंतीला टेकवलेली सायकल, पलंगावर सोलापुरी चादर. हे सगळं मी त्याच्यासाठी सांभाळलं, असं तिला म्हणायचं होतं; हे बघा, आणि तुम्ही विषय बंद केलात. म्हणून तिने त्याला त्या घरात बोलावलं. ओट्यावर बसवायला गेली तर तिथे एकच खुर्ची होती. आत गेली, ताट एकच, पलंग एका माणसाचा, खुंटीवर तिच्या साडीशेजारी काही नाही. त्याचा चष्मा ठेवायला जागा शोधली, तीही निघेना. घर लावताना तो राहून गेला होता असं नव्हे — त्याची जागाच त्यात कधी धरलेली नव्हती, आणि हे इतक्या वर्षांत एकदाही तिच्या ध्यानात आलं नव्हतं... किंवा आलं होतं. हळूहळू.

खालून एक गाडी चढ चढत येताना दिसली. तिने सायकल कडेच्या गवतात घेतली आणि उभी राहिली. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, तारीख-वार नसतोच. आणि एवढ्या एका बरोबर बोलण्यासाठी आपण त्याला जन्मात माफ करणार नाही, हे तिला अगदी शांतपणे, कुठेही न दुखता कळलं.