विषम घर

तिने केबल उपटली, फुंकर मारली आणि पुन्हा खटकन बसवली. नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर चार नंबरच्या खाटेचा चौकोन करडाच राहिला.

खाटेशी मात्र सगळं ठीक होतं. उशाशी लावलेला, तिच्या कंपनीचा नवा मॉनिटर म्हाताऱ्या पेशंटचे ठोके मुकाट मोजत होता. ते टेबलापर्यंत पोचत तेवढे नव्हते. म्हणजे ठोके चुकले, तरी टेबलावर घंटा वाजणार नव्हती. सिस्टरने एका नर्सला खाटेशी उभं केलं होतं आणि उरलेल्या वॉर्डात दुसरीची एकटीची तारांबळ उडाली होती.

"काल हाच मॉनिटर, हाच पेशंट. नीट चालत होतं," सिस्टर म्हणाली. "आज बदललं ते एवढंच, की मुलाने भांडून वडिलांच्या नावातलं राहिलेलं अक्षर घालून घेतलं."

तिचा हात केबलवरच थांबला. मग ती लॅपटॉप उघडून बसली.

मॉनिटरच्या प्रत्येक संदेशात आधी नाव, मग आकडे. वाटेत काही बिघडलं नाही ना, हे कळावं म्हणून शेवटी एक बेरीज. बेरजेचा कोड दोन-दोन बाइटच्या जोड्या उचलत जाई. जुन्या मॉनिटरमधला प्रोसेसर कुठूनही जोडी उचले, कुरकुर न करता. नव्यातला मात्र विषम जागा आली की गुपचूप एक घर मागे सरकून भलतीच जोडी उचलत होता. वाढलेल्या एका अक्षराने, म्हणजे एका बाइटने, आकडे विषम घरावर ढकलले गेले, बेरीज चुकली आणि टेबलाने संदेश फेकून दिले.

तिने दादाला फोन लावला. कंपनी दोघा भावंडांची, पण शब्द त्याचाच चाले. सकाळपासून त्याने केबलचा धोशा लावला होता. हा कोड त्याचाच. त्याच्या शेजारी बसून, तोच वाचत ती हे काम शिकली होती.

"इतकी वर्षं कुठे अडला नाही तो," दादा म्हणाला.

"जुन्या प्रोसेसरवर नाही अडला."

मग त्याने नावापुढे एक टिंब टाकायला सांगितलं. बाकीचं ऑफिसात बघू म्हणाला. तिने टिंब टाकलं, आकडे पुन्हा सम घरावर आले. चौकोन हिरवा झाला आणि सिस्टर धपकन खुर्चीत बसली.

ती मात्र इतर चौकोन बघत राहिली. तिथेही नवेच मॉनिटर होते, आणि चालत होते ते निव्वळ नावांची अक्षरं सम भरली म्हणून. हा पेशंट गेला की दुसरा येणार. त्याच्या नावाची अक्षरं कोण मोजत बसणार?

दादाला उलट बोलायची तिला सवय नव्हती. फोन कानाला तसाच ठेवून ती सिस्टरला म्हणाली, "नवे सगळे काढा. जुने लावा. आत्ताच."

सिस्टरने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि ती उठली.

दादाने ऐकलं होतं. तो आता कडाडणार म्हणून तिने डोळे मिटून घेतले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"टेकडीवरच्या हॉस्पिटलात आपले नवे कुठे लावलेत?" त्याने विचारलं.

"लहान मुलांच्या वॉर्डात."

त्याने फोन ठेवला नाही. दुसऱ्या फोनची रिंग तिला ऐकू येत राहिली. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला.

"आधी प्रत्येक खाटेशी माणूस उभा करा," दादा सांगत होता. "का, ते मग सांगतो."