स्टेपनी खाली उतरवून बघा

मी एक स्टेपनी. सात माणसं ऐसपैस बसतील अशा एका थोराड गाडीचं पाचवं चाक. आम्ही पाचही भावंडं एकाच कारखान्यातून बाहेर पडलो. चौघे भाऊ रस्त्यावर पळायला गेले आणि मला साखळीला बांधून गाडीच्या पोटाखाली टांगलं. ‘अडीनडीला उपयोगी पडेल,’ असं माझ्याबद्दल म्हणतात. ज्याच्याबद्दल असं म्हणतात त्याला एरवी घरात कोणी विचारत नाही, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पण पोटाखाली राहण्याचा एक फायदा असतो. गाडी वरून कितीही नटली तरी खालचं सगळं मला दिसतं. तेल कुठून ठिबकतंय, गंज कुठे चढतोय, कुठला नट ढिला झालाय, सगळं.

आमचा पहिला मालक ठेकेदार होता. त्याने मागे हूक बसवून घेतला आणि गाडीला सिमेंट कालवायचं यंत्र ओढायला जुंपलं. गाडी मोठी आहे म्हणजे ती काहीही ओढेल, अशी त्याची समजूत. एका उतारावर त्याने जोरात ब्रेक दाबला, मागचं यंत्र गर्रकन वळलं आणि गाडीच्या डाव्या अंगावर येऊन आदळलं. माझ्या शेजारचा चासीचा डावा दांडा वाकला. चासी म्हणजे गाडीचा कणा. वरचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो.

गॅरेजमध्ये वाकलेला भाग कापला, तुकडा जोडला, वेल्डिंग केलं आणि वरून काळा रंग फासला. बाहेरचा पत्रा मात्र इतका सुरेख केला की ठेकेदार स्वतःच दोनदा गाडीभोवती फिरला. मग त्याने ती विकून टाकली.

दुसरा मालक दातांचा डॉक्टर. भला माणूस. सुट्टीच्या दिवशी स्वतः गाडी धुवायचा. वेग वाढला की गाडी डावीकडे ओढायची. “रस्ताच तिरका बांधलाय,” असं तो बायकोला सांगायचा. टायर आतल्या कडेने झिजायचे, तो टायर बदलायचा. दुखणं पायात नाही, कण्यात आहे, हे दातांच्या डॉक्टरला कोण सांगणार? माझे चारही भाऊ असेच एकेक करून गेले. मला वाईट वाटलं. त्यांच्या जागी आलेल्यांशी माझी कधी ओळखच झाली नाही.

तिथून आम्ही जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठच्या आवारात आलो. शेठ बोलायला गोड. गिऱ्हाईक यायच्या आधी तो गाडी चालू करून ठेवायचा, कारण गार इंजिन पहिल्या झटक्यात खरं बोलतं: खोकतं, धूर सोडतं. तापलेलं इंजिन शहाण्यासारखं वागतं. बॉनेटला हात लावून ‘ही आधीच गरम कशी?’ असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. ब्रेकच्या झिजलेल्या पेडलवर त्याने नवं रबर चढवलं होतं, आत अत्तर फवारलं होतं. लोक यायचे, टायरला लाथ मारायचे आणि मान डोलवायचे. टायरला लाथ मारून त्यांना काय कळतं ते टायर असूनही मला कळलेलं नाही.

एके दिवशी एक बाई आणि तिचा दीर आले. बाई शाळेच्या मुलांची ने-आण करायची. तिची जुनी व्हॅन बंद पडली होती, शाळा सोमवारी उघडत होती आणि सहा मुलांच्या आयांना तिने शब्द दिला होता. रस्ता टेकडीचा, वळणावळणाचा. मागच्या सीटवर धाकटी मुलं बसणार होती, म्हणजे नेमकी त्या जोडावर.

दिराने बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवून आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “वहिनी, इंजिन झकास आहे.”

“तुम्हाला काय दिसलं, भाऊजी?”

“दिसायचं काय त्यात? आवाजावरून कळतं.”

बाईने गाडी चालवून पाहिली. तिला ती आवडली, हे तिच्या आवाजावरून मलाही कळलं. शेठने चहा मागवला. आता व्यवहार ठरणार, इतक्यात ती म्हणाली, “स्टेपनी कुठे असते?”

“खाली. नवीकोरी आहे, ताई. कधी वापरलीच नाही.”

“मला काढून बघायचीय. टेकडीवर पंक्चर झालं तर सहा पोरांना रस्त्यावर उभं करून मी कुणाची वाट बघू? जमतंय का ते आजच कळू दे.”

“तुम्ही कशाला हात काळे करताय? मी फोटो पाठवतो ना.”

“फोटोने चाक बदलता येत नाही.”

तिने पान्याचा दांडा घातला आणि फिरवायला लागली. साखळी गंजली होती, करकरत होती, तरी तिने सोडलं नाही. मी हळूहळू खाली आले. मला सोडवायला ती जमिनीवर आडवी झाली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. उजेड डाव्या दांड्यावर पडला. मग तिने उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे.

“शेठ, इकडे ही बोटाएवढी जाड रेघ कसली?”

“कंपनीचंच वेल्डिंग असतं ते.”

“मग उजवीकडे कंपनी विसरली का?”

दीर खाली वाकला, बघून उठला आणि म्हणाला, “वहिनी, एवढं चालतं. सोमवार तोंडावर आलाय.”

बाई माझ्याच कडेवर बसली. तिचे हात काळे झाले होते आणि डोळे भरले होते. “सोमवारी मी सगळ्या आयांकडे जाऊन सांगेन की गाडी नाही,” ती म्हणाली. “ते सांगता येईल. दुसरं काही सांगायची वेळ आली तर तोंड नाही उघडणार माझं.” चहा तसाच ठेवून दोघं निघून गेली. मला तिचा फार अभिमान वाटला.

शेठ रागावला नाही. धंद्यातला माणूस. त्याने मेकॅनिकला बोलावून खालून डांबरासारखा जाड काळा थर मारून घेतला. आता डावं-उजवं एकसारखं दिसतं. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, “हिला धुऊन वर डिकीत ठेव. म्हणजे कुणी खाली वाकायला नको.”

तेव्हापासून मी डिकीत आहे. अंगावर पॉलिश आहे, काचेतून उजेड येतो. शेठ मागचं दार उघडून मलाच दाखवतो आणि लोक खूश होतात. उद्या सकाळी एक कुटुंब गाडी बघायला येणार आहे. त्यांना मुलं आहेत, असं शेठ फोनवर बोलत होता.

बाबांनो, माझ्या चकाकीवर जाऊ नका. साखळी खाली आहे आणि मी वर का, एवढंच त्याला विचारा.