चूक मंडळाची

जळगाव जामोदचं शेतकी शास्त्र मंडळ अर्जुनरावांच्या वडिलांच्या पिढीनं सुरू केलेलं. बियाणं पारखायचं, रोगांवर उपाय करून पाहायचे आणि खरे ठरतील ते गावोगाव सांगायचे, हे त्याचं काम. अर्जुनराव अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. आता गुडघे साथ देईनात, म्हणून ते अमरावतीला मुलीकडे राहायला निघाले होते.

निरोपाच्या सभेला शाळेचं पटांगण भरलं. चिटणीस उत्तमराव नागपूरच्या प्रदर्शनात अर्जुनरावांना मिळालेल्या पदकाबद्दल बराच वेळ बोलले. अर्जुनराव अवघडून खाली बघत होते. तेवढ्यात बायकांमधून गोजरबाई उठल्या. नवरा गेल्यापासून सातपुड्याच्या पायथ्याची शेती त्या एकट्या सांभाळत. सभेत त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

"पदकाचं झालं. आता माह्या वावराचं सांगू द्या," त्या म्हणाल्या.

काही वर्षांपूर्वी ज्वारीवर काणी रोग पडत असे. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी. पेरण्याआधी बी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवा, असं मंडळानं सांगितलं. बाकीचे बिचकले. गोजरबाईंनी मात्र सांगितलं तसं केलं, आणि त्यांच्या वावरात एक कोंब वर आला नाही.

"बाईच्या हातून काही चुकलं असेल," मंडळातले लोक म्हणाले.

अर्जुनराव चिखल तुडवत वावरात गेले. कुजलेलं बी त्यांनी बोटांनी उकरून पाहिलं. घरी येऊन तसंच पाणी करून आपलं बी बुडवलं आणि परसात पेरलं. तेही उगवलं नाही. पाणी पातळ केलं तेव्हा कुठे कोंब दिसले.

बाजाराच्या दिवशी ते बैलगाडीवर उभे राहिले. "गोजरबाईचं काही चुकलं नाही. पाणी जहाल सांगितलं ते आम्ही. चूक मंडळाची, अन् मंडळाचा अध्यक्ष मी!"

मंडळावरचा विश्वास उडेल म्हणून उत्तमराव तेव्हा संतापले होते. अर्जुनरावांनी मात्र आपल्या कणगीतलं बी पातळ पाण्यात बुडवून गोजरबाईंचं वावर पुन्हा पेरून दिलं. त्या हंगामात तिथली कणसं स्वच्छ निघाली, आणि लोक आपण होऊन उपाय विचारायला आले.

"चूक कोनाची होत नाही?" गोजरबाई सभेला म्हणाल्या. "पन भर बाजारात कोन कबूल करते? तव्हापासून मंडळाचं म्हननं मी डोळे झाकून ऐकतो."

अर्जुनराव पहिल्यांदा हसले. "डोळे झाकून काऊन, बाई? आधी एका वाफ्यात करून पाहा, मग आमचं खरं माना."

सभा हसली, आणि मग कितीतरी वेळ टाळ्या वाजत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव अर्जुनरावांना नांदुऱ्याच्या स्टेशनावर पोचवायला आले. मंडळ आता उत्तमरावांच्या हाती होतं. गाडीची वाट बघताना ते हळूच म्हणाले, "भाऊ, उद्या माह्या हातून चूक झाली, तर तुमच्यासारखं सांगता येईल का मले?"

"जड जाते बाप्पा. त्या दिवशी बैलगाडीवर माहे पाय लटलट कापून राह्यले होते."

"आम्हाले तर दिसलं नाही."

"धोतर लांब होतं," अर्जुनराव म्हणाले.

दोघंही हसत असतानाच गाडी आली. उत्तमरावांनी त्यांना हात धरून डब्यात चढवलं, गाठोडं आत दिलं आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.