तुलना गटातला माणूस

तुरुंगातून सुटायच्या आधी आमची सोडत काढली. पुण्याच्या एका संस्थेला शोधायचं होतं, की सुटलेल्या माणसाला मदत केली तर तो पुन्हा चोरी करतो की नाही. त्यासाठी निम्म्यांना मदत करायची, निम्म्यांना करायची नाही आणि मग मोजायचं. पहिल्या गटाला काम, लायसन्स, समुपदेशक. मला दुसऱ्या गटाची चिठ्ठी आली. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव कुठल्या यादीत लागलं, तर ती काही न मिळणाऱ्यांची.

"ह्याला तुलना गट म्हणतात," संस्थेच्या रसिका मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला काही मिळणार नाही. पण मी वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता येऊन प्रश्न विचारणार."

"काही न मिळाल्याचे?"

"हो. चौसष्ट."

मी ट्रकच्या बॅटऱ्या चोरायचो. दोन वर्षं आत काढून गावी आलो, तेव्हा मला बघून लोक बोलायचे नाहीत, फक्त गाड्या आत घ्यायचे. मॅडम मात्र यायच्या. नियम असा, की सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, 'अरेरे'सुद्धा म्हणायचं नाही. नाहीतर माझी तुलना बिघडते. त्यामुळे काहीही सांगितलं तरी त्या म्हणायच्या, "नोंदवलं."

झोप लागते का? नाही. नोंदवलं. काम मिळालं? चिरेखाणीवर दोन दिवस, मग त्यांना कळलं. नोंदवलं.

"प्रश्न सतरा. गेल्या महिन्यात कोणी तुमची विचारपूस केली का?"

"तुम्ही."

"मला धरायचं नाही."

"मग कोणी नाही."

आई मात्र गावभर सांगत होती, "आमचा अमरदीप संशोधनात आहे."

पाचव्या महिन्यात सुहास आला. माझा जुना जोडीदार. पोलिसांना मी त्याचं नाव सांगितलं नव्हतं, एवढी मैत्री. येत्या रविवारी हायवेवर हातखंब्याला ट्रक उभा असणार, ड्रायव्हर लग्नाला जाणार, सहा बॅटऱ्या.

"रविवारी नाय जमायचं. मॅडम यायच्यात."

"कामाला लावतात?"

"नाय."

"पैसे?"

"नाय."

"मग देतात काय रे?"

"काहीच नाय. पण वेळेवर."

सुहासने बराच विचार केला. "अकरापर्यंत थांबतो. नाय आल्या तर चल." घरात तांदूळ तळाला गेले होते. मी हो म्हटलं.

त्या रविवारी मॅडमची एसटी वाटेत बंद पडली. अकरा वाजले. सव्वाअकराला सुहासने बाईक चालू केली आणि मी चप्पल घातली. तेवढ्यात मॅडम पाखाडीच्या पायऱ्या चढत आल्या. तीन किलोमीटर चालून. हातातला फॉर्म घामाने ओला.

"उशीर झाला. तुम्ही थांबलात," त्या म्हणाल्या. ह्याला फॉर्मात रकाना नव्हता.

मी चप्पल काढली.

"प्रश्न एकोणचाळीस. गुन्हा करायची संधी आली होती का?"

"आलीय. बाहेर उभी आहे."

मॅडमनी बाहेर पाहिलं. सुहासने हात केला.

"नोंदवलं."

चौसष्टावा प्रश्न होईपर्यंत ड्रायव्हर लग्न जेवून परतला असणार. सुहास आत येऊन बसला. आईने त्यालाही चहा दिला.

"मला पण विचारा की कायतरी," तो मॅडमना म्हणाला.

"तुम्ही यादीत नाही."

"यादीत यायला काय करायचं?"

"आधी तुरुंगात जावं लागेल."

सुहास विचारात पडला.

"एवढ्यासाठी नको हां," आई म्हणाली.

पुढे फारुकचाचांनी मला त्यांच्या गॅरेजात घेतलं. मी बॅटऱ्या बसवतो. काढायचा अनुभव होताच. पहिला रविवार सुट्टी, एवढीच माझी अट होती.

वर्ष संपलं, भेटी थांबल्या. मग एके दिवशी मॅडमचा फोन आला. अहवाल झाला होता. दोन्ही गट सारखेच सुधारले, फरक काहीच नाही. मदतीचा उपयोगच होत नाही, असं वाटून साहेबलोक खचले होते.

"आमचं काय चुकलं असेल?" मॅडमनी विचारलं. हा प्रश्न चौसष्टात नव्हता.

"तुम्हाला धरलं नाही," मी म्हटलं.

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग जरा बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "नोंदवलं."